सूर्यास्ताची सवलत

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शिरीषराव हेडमास्तरांची परीक्षा घेत. हेडमास्तर म्हणजे गाडीच्या छताला, बिछान्याच्या डोक्याशी बसवलेली पांढरी गोल डबी. धूर आणि विषारी वायू हुंगून घरच्यांना सावध करणारा अलार्म. शिरीषरावांचा उभा जन्म मिरजेच्या एका शाळेत कवायत शिकवण्यात गेला होता. जो वरून नुसता बघत राहतो आणि मनात आलं की एकदम ओरडतो, तो त्यांच्या लेखी हेडमास्तर. ते स्टुलावर चढून मधल्या बटणावर अंगठा दाबत. डबी चिमणीएवढं चिवकायची आणि हिरवा दिवा लागायचा.

"पास!" खाली उतरत ते म्हणाले. "हेमांगी, हेडमास्तर पास झाले. पेढे वाट."

"आधी स्टूल जागेवर ठेवा," हेमांगी म्हणाली. "मागच्या वेळी माझ्याच पायात आलं होतं."

गाडी चिखलदऱ्याच्या पठारावर, गाडीतळावर उभी होती. घराला कुलूप घालून चाकांवर राहायची पद्धत आता निवृत्त माणसांमध्ये चांगलीच रुळली होती. प्रत्येक थंड हवेच्या गावाला एस.टी. स्टँडसारखा एक गाडीतळ असे. तिथे पाण्याचे नळ, वीज भरायचे खांब, आणि एकाच्या दोरीवर दुसऱ्याचे वाळणारे कपडे. हेमांगी आणि शिरीषराव पौषाच्या थंडीत इथे आले, ते शेजारी भले मिळाले म्हणून राहूनच गेले होते. शेजारची निळी गाडी गावंडे नवराबायकोची, परतवाड्याची. किशोर गावंडे हृदयात स्प्रिंग बसवलेला, तरी दिवसभर हसणारा आणि हसवणारा माणूस. संगीता त्याला दटावत दटावत त्याच्याहून जास्त हसायची.

दिवस कलला तशी हेमांगीनं हातपाय धुतले, दार लोटून घेतलं, छताची झडप बोटभर उघडी ठेवली आणि तांब्याचं पात्र मांडलं. तिचं अग्निहोत्र होतं. सूर्य उगवताना आणि मावळताना, त्या नेमक्या क्षणी, गोवरीच्या अग्नीत तुपात भिजवलेल्या अखंड तांदळाच्या दोन आहुत्या. त्यानंतर अग्नी आपला आपण शांत होईपर्यंत समोर बसून राहायचं, बोलायचं नाही. लेक ओवी लहान असताना तिला मेंदूज्वर झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले, त्या संध्याकाळी हेमांगीनं दवाखान्याच्या मागच्या अंगणात पहिला अग्नी पेटवला. पोर वाचली. तेव्हापासून एक सूर्यास्त चुकला नव्हता. प्रवासात नाही, तापात नाही, सासूबाई गेल्या त्या वर्षातही सुतकापुरता शेजारणीच्या हातून करवून घेतला होता.

गोवरी धुमसली. निळसर धूर झडपेकडे वळला. वर डबी गप्प होती.

ती पूर्वी गप्प नसायची. त्याआधीचे अलार्म तर फारच भाबडे. मिरची-लसणाची फोडणी दिली तरी बोंब, उदबत्ती लावली तरी बोंब. लोक कंटाळून त्यांची बॅटरी काढून ठेवत, आणि ज्या दिवशी खरंच आग लागे त्या दिवशी डबी छताला मुकी लटकत असे. माणसं आगीनं कमी आणि कंटाळ्यानं जास्त मरतात, असं ओवी म्हणायची. मग शिकाऊ अलार्म निघाले. ओवी ते बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीतच होती, आणि तयार झालेल्या पहिल्या डब्यांतली एक तिनं आईच्या गाडीत स्वतःच्या हातानं बसवली होती. शिकाऊ अलार्म ओरडण्याआधी हळूच विचारायचा, "हे नेहमीचं आहे का?" आणि पिवळा दिवा लुकलुकवायचा. डबीच्या कडेला 'नेहमीचं' असं लिहिलेलं बटण होतं. हेमांगी बोलायचं नाही म्हणून ओल्या बोटानं ते बटण दाबायची. पुढे पुढे डबीनं विचारणं सोडलं. घरचं माणूस झाली.

त्या संध्याकाळी आहुत्या पडल्या आणि दार हळूच वाजलं. संगीता गावंडे ताट घेऊन उभी होती. हेमांगीनं मानेनंच आत यायची खूण केली. संगीताला रीत ठाऊक झाली होती. ती कोपऱ्यात पाय दुमडून बसली, अग्नीला हात जोडले आणि शेवटची ठिणगी निवेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही.

"झालं?" मग ती कुजबुजली. "बोलू आता? पोट फुगलं होतं माहं."

"बोला हो बोला."

"रोडगे आनले. आमच्या साहेबांनं स्वतः गोवऱ्यांवर भाजले. एक पोळला, एक कच्चा, पन म्हणते कसा, असे रोडगे अख्ख्या वऱ्हाडात नाई."

"मग त्यांना का नाही आणलं?" शिरीषराव चहाचं आधण ठेवत म्हणाले.

"पडले जरासे. बाहेर गार वारं सुटलं नं. विस्तव वाया काहून घालवता म्हणे, घमेलं भरून आत घेतला अन् दार लावून घेतलं. आता घोरत असन. घोरू द्या, तेवढीच मले शांती."

सगळे हसले. चहा झाला. वांग्याच्या भाजीत तिखट किती, यावर चर्चा झाली, संगीताच्या अकोल्याच्या सुनेचा विषय निघाला आणि मिटला. पठारावर अंधार उतरला तेव्हा संगीता रिकामं ताट घेऊन उठली.

मग तिची हाक आली. नवऱ्याला मारलेली नव्हती ती, कोणालाच मारलेली नव्हती.

शिरीषराव धावले. निळ्या गाडीचं दार सताड उघडं होतं, घमेल्यातले निखारे वरून राखेनं झाकले गेले होते, धूर म्हणून काही नव्हता. किशोर गावंडे पांघरुणात कुशीवर निजलेला होता, गाल चांगले लालबुंद, जणू आत्ताच हसून थांबला. शिरीषरावांनी त्याला ओढून बाहेर आणलं, छाती दाबली, तळावरच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी खूप वेळ खटपट केली आणि मग संगीताकडे न बघता हातमोजे काढले.

निळ्या गाडीच्या छतावरही तशीच पांढरी डबी होती. दुसऱ्या दिवशी फौजदारांनी तिचं बटण दाबलं. चिवक. हिरवा दिवा.

"अलार्म ठीक आहे," ते म्हणाले. "निखारे आत घेतले, दुसरं काय."

संगीताला तिचा मुलगा घेऊन गेला. हेमांगीच्या मनात मात्र ती चिवचिव अडकून राहिली. ठीक आहे, तर मग वाजला का नाही? तिनं ओवीला फोन केला. एरवी ओवी आईचा फोन आला की आधी सूर्यास्त झाला का ते बघायची, म्हणजे बोलणं अर्ध्यावर तुटणार की नाही ते कळे. या वेळी तिनं सगळं ऐकून घेतलं.

"गोवऱ्यांचे निखारे होते?" तिनं विचारलं.

"हो."

"संध्याकाळी?"

"हो गं. दिवस मावळतानाच."

"मी येते," ओवी म्हणाली.

ती आली ती नवीन डबी घेऊनच. बाबांच्या स्टुलावर चढून तिनं जुनी डबी फिरवून काढली. छतावर गोल पांढरा डाग राहिला.

"हेडमास्तर निवृत्त?" शिरीषरावांनी विचारलं, पण त्यांच्या आवाजात हसू नव्हतं.

"तसंही याचं वय झालंय, बाबा. आत एक छोटी कुपी असते. निखाऱ्यांतून निघणारा तो विषारी वायू तिच्यातल्या रसायनाला शिवला की मुंगीएवढी वीज निघते, ती मोजायची. रसायन सुकलं की कुपी संपली. आणि धुरासाठी आत प्रकाशाची तिरीप असते. कवडशात धूळ दिसते ना आपल्याला, तसा तिला धूर दिसतो. हे सगळं बटण दाबून कळत नाही. बटण दाबलं की फक्त कळतं, याला तोंड आहे. नाक आहे का, आणि नाकाला कळलेलं डोक्याला पटतंय का, ते नाही कळत."

"मग मी इतकी वर्षं परीक्षा घेतली ती कसली?"

"हजेरी, बाबा. परीक्षा नाही."

नवीन डबी बसली, निळा दिवा फिरला, थांबला. ओवीनं खिशातून हातात मावेल असं मोजयंत्र काढलं. "आई, आज तुझं अग्निहोत्र कर. रोजच्यासारखं. मी दाराशी बसते."

ओवी अग्निहोत्राला बसते आहे, ही गोष्ट हेमांगीनं किती वर्षं देवाकडे मागितली होती. मिळाली ती अशी. तिनं काही विचारलं नाही. सूर्य मावळला, आहुत्या पडल्या. ओवीच्या हातातल्या यंत्रावरचा आकडा चढत गेला, पिवळा झाला, मग तांबडा. ओवीनं सपकन दार उघडलं, झडप पूर्ण उघडली, थंड वारा आत आला. छतावरची कोरी करकरीत डबी तिच्याकडे हिरव्या डोळ्यानं बघत होती. डबीनं साधं विचारलंही नव्हतं.

अग्नी निवल्यावर हेमांगी म्हणाली, "ही तर नवीन होती ना गं?"

"डबी नवीन आहे, आई. शिकवण जुनीच." ओवी पायरीवर बसली, गुडघ्यांना मिठी मारून. लहानपणी शाळेतून रागावून आली की अशीच बसायची. "एका घरानं शिकवलेलं सगळ्या घरांना कळतं. पाटी कोरी मिळतच नाही कोणाला. नवी डबी लावली की मिनिटभरात सगळ्या देशाची शिकवण तिच्यात उतरते."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणाकुणाच्या फोडण्या, कुणाकुणाच्या उदबत्त्या. आणि कोणाचं जास्त ऐकायचं हे तो स्वतः ठरवतो. जे घर धरसोड करतं त्याचं कमी ऐकतो. जे घर त्याच वेळी, तेच, रोज करतं, त्याचं जास्त. त्यानं हजारो घरांत गोवरीचा धूर हुंगला असेल. कुणी आठवड्यातून एकदा, कुणी सणाला. तू एकदाही चुकवलं नाहीस, आई. सूर्यास्ताला गोवरी म्हणजे काय, हे त्याला फक्त तू सांगितलंस. त्याच्या लेखी तुझ्याइतकं भरवशाचं माणूस देशात नाही."

हेमांगी पात्राकडे बघत होती. राख अजून कोमट होती.

"किशोरभाऊंच्या गाडीत..."

"सूर्यास्त होता. गोवरी होती. त्याला वाटलं, पूजा चाललीय."

"पण तो वायू," शिरीषराव मध्येच म्हणाले, "तो तर विष आहे. विषाला कसली आली पूजा?"

"वरची एक हद्द ठेवलीय, बाबा. तिच्यापुढे गेलं की तो कुणाचंही न ऐकता ओरडतो. पण हद्दीच्या आतला वायूसुद्धा माणूस नेतो, फक्त सावकाश नेतो. रक्तात प्राणवायूसाठी पाट मांडलेले असतात. हा आगंतुक येऊन त्या पाटांवर बसतो आणि उठत नाही. घरचा उभाच राहतो, उपाशी. वास नाही, रंग नाही, ठसका नाही. नुसती झोप येते. म्हणून हद्दीच्या आतही काही वेळ गेला की ओरडायचं, असा नियम होता. पूजेच्या वेळी मात्र ती मुदत लांबवायची सवलत होती. तुम्ही थंडीत झडप बोटभरच उघडायला लागलात, आणि तरी तुम्हाला काही झालं नाही. तशी सवलत थोडी थोडी वाढत गेली. आपली झडप उघडी होती म्हणून आपण वाचलो. त्यांनी दार लावून घेतलं होतं."

हेमांगी म्हणाली, "माझ्या अग्नीनं गेला तो माणूस."

"अग्नीनं नाही, आई. नियमानं."

"ओवी!" शिरीषराव म्हणाले. "आईला असं बोलू नकोस."

"आईला नाही बोलत, बाबा. स्वतःला बोलतेय." ओवीनं मोजयंत्र पायरीवर ठेवलं. "सवलत मी लिहिली. तिची पूजा मोडू नये म्हणून. मी देव मानत नाही, पण रोज संध्याकाळी ती त्या डबीपुढे केविलवाणी होऊन बटण शोधायची, ते मला बघवेना. मला वाटलं, आईसाठी एवढं तरी करावं."

खाली दरीत कुठेतरी गुरं परतत होती, त्यांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा वाजत होत्या.

शेवटी हेमांगीनं विचारलं, "आता काय करायचं? ते खोडून टाक ना."

"खोडता येत नाही. सवलत आता सगळ्या शिकवणीत मिसळलीय; मीठ पाण्यात विरघळलं, आई. जुन्या भाबड्या अलार्मवर परत जावं, तर लोक पुन्हा बॅटऱ्या काढतील आणि याहून जास्त मरतील. वेगळ्या शिकवणीच्या डब्या सगळीकडे बसवायला उन्हाळा उजाडेल, आणि थंडी तर आत्ता आहे. एकच गोष्ट लवकर होईल." ती थांबली. "ज्यानं शिकवलं त्यानंच उलटं शिकवायचं. सूर्यास्ताला तू अग्नी पेटवायचास. मी अलार्मला ओरडायला लावीन. आणि तो ओरडला की तू अग्नी विझवायचास, दार उघडायचं, बाहेर पडायचं. अमावास्येपर्यंत रोज. तू घाबरलीस, असं त्याला दिसलं पाहिजे. तुझंच तो ऐकेल."

"अग्नी विझवायचा नसतो," हेमांगी म्हणाली.

"मला माहीत आहे."

"तो आपला आपण शांत होतो. आपण फक्त समोर बसायचं. त्याला विझवणं म्हणजे..." तिला शब्द सापडला नाही. पानावर बसलेल्या पाहुण्याला उठवणं, हा शब्द जवळचा होता, पण तोही पुरा पडत नव्हता.

शिरीषरावांनी मार्ग काढायचा म्हणून काढला. "असं करू. तू बाहेर झाडाखाली तुझं खरं अग्निहोत्र कर. आत मी नुसत्या गोवऱ्या पेटवतो. ते हेडमास्तरांना काय कळतंय?"

"कळतं, बाबा. तूप, तांदूळ, कापूर, समोर बसलेल्या माणसाचा श्वास, सगळं कळतं. सवलत द्यायला त्याला सूर्यास्त आणि गोवरी पुरते, पण जुनं पुसायला नेमकं तेच लागतं; जरा फरक पडला तर तो म्हणेल, ही वेगळी गोष्ट. जुनी शिकवण तशीच राहील."

"मग तूप-तांदूळ मी घालतो. शेजारी हेमांगीला नुसतं बसव. मंत्र नाही म्हटला म्हणजे झालं."

"नाही," हेमांगी म्हणाली. "सूर्य मावळताना तूप-तांदूळ पडले की तो अग्नी देवच. मंत्र ओठात म्हणा नाहीतर मनात. यंत्राला फसवता येत नाही म्हणता, आणि देवाला फसवायला निघालात?"

ओवी आईकडे टक लावून बघत होती.

"खरं काय ते सांग ना, आई. तुला पापाची भीती नाही वाटत. तुला वाटतं, व्रत मोडलं तर मी मरेन."

हेमांगीनं पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत तिनं हे देवापुढेही बोलून दाखवलं नव्हतं. बोलल्यानं खरं होतं, अशी तिची समजूत.

"मी मोठी झाले तशी मला ते कळत गेलं," ओवी हळू आवाजात म्हणाली. "तू गावाला यायची नाहीस, माझ्या पदवीच्या कार्यक्रमातून उठून गेलीस, सगळं माझ्या जिवासाठी. मी नव्हतं मागितलं, आई. पण आता मागते. हे कर."

"मला विचार करू दे," हेमांगी म्हणाली, आणि पहाटेच्या अग्नीसाठी गोवऱ्यांचे तुकडे करायला बसली. हात आपले काम करत होते. मन मात्र दवाखान्याच्या त्या मागच्या अंगणात जाऊन उभं होतं, जिथे वरच्या मजल्यावरच्या खिडकीत एक लहान मूल श्वास घेतंय की नाही ते खालून दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर संगीता आली. मुलगा निळी गाडी न्यायला आला होता, तो सामान बांधत होता. तिचं कपाळ मोकळं, चेहऱ्यावरचं सगळं पुसल्यासारखं. हेमांगीनं तिला हाताला धरून आपल्या पायरीवर बसवलं. पाणी दिलं. आणि मग, ओवी आणि शिरीषराव नको नको अशा नजरेनं बघत असताना, तिनं सगळं सांगितलं. सवलत, शिकवण, भरवसा, काही मागे ठेवलं नाही.

संगीता ऐकत राहिली. तिला कितपत कळलं, हे कळेना. मग ती म्हणाली, "मी तुमच्याच इथं बसली होती नं तवा."

"हो."

"हात जोडून बसली होती."

"हो, ताई."

"रोज करता तुम्ही हे?"

"रोज."

"कधीच नाई चुकत?"

"नाही."

संगीतानं पेला खाली ठेवला. "एखाद् दिवस चुकलं असतं तं," ती म्हणाली, आणि पुढचं बोलली नाही. उठली, आपल्या गाडीकडे गेली. तिच्या पाठीकडे बघत हेमांगी पायरीवर बसून राहिली. राग आला असता, शिवी दिली असती, तर सोसायला काहीतरी मिळालं असतं. ते अर्धं वाक्य मात्र कुठेच ठेवता येईना.

हे माझं नाही, हे तुझं, असं म्हणतच रोज आहुती द्यायची असते. हेमांगी ते रोज म्हणत आली होती. आज तिच्या लक्षात आलं, की तांदूळ आणि तूप तेवढं तिनं दिलं होतं. पोर दिली नव्हती. ती पदराखाली धरूनच ठेवली होती, आणि नेमाच्या कुंपणापलीकडे कोणाची माणसं आहेत, ते बघायचं राहून गेलं होतं.

"ओवी," तिनं हाक मारली. "दूध आण गं वाटीभर. पाण्यानं नाही विझवणार मी."

ओवीनं दूध आणलं, तेही कोमट करून.

सूर्य टेकडीला टेकला. शिरीषरावांना हेमांगीनं आधीच बाहेर उभं केलं होतं. ओवी दाराच्या आत, एका हातात फोन, दुसऱ्या हातात मोजयंत्र. हेमांगीनं गोवरी रचली, कापूर लावला. तांदळाचा एक दाणा सांडला नाही. सूर्यबिंब गेलं. पहिली आहुती पडली. दुसरी पडली. ज्वाळ सरळ उभी राहिली, बोटभर, पिवळी, रोजच्यासारखीच निःशंक.

"आई, आता," ओवी म्हणाली, आणि तिनं फोनवर बोट टेकवलं.

अलार्म ओरडला. महिन्यातून एकदा ऐकलेली ती चिमणीची चिवचिव नव्हे. छत फाटावं असा, कानांतून दातांत उतरणारा लांबलचक आवाज, आणि त्यावर चढलेली एका बाईची मोठी, स्पष्ट हाक: "हवा विषारी आहे. उठा. बाहेर पडा. उठा. बाहेर पडा."

हेमांगीनं वाटी उचलली. क्षणभर तिचा हात ज्वाळेवर तसाच थांबला. तिनं डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी, लेकीकडे बघत, दूध ओतलं. चर्र झालं. पांढरी वाफ उठली, जळक्या दुधाचा वास गाडीभर झाला, आणि तांब्याच्या पात्रात काळा ओला चिखल उरला. ओवीनं तिला दंडाला धरून उठवलं. दोघी दारातून बाहेर थंडीत आल्या. हेमांगीचा हात आपसूक लेकीच्या पाठीवर गेला आणि तिथेच राहिला, श्वास मोजत. ओवीनं तो काढला नाही.

तळावरची माणसं धावत आली होती. कुणी बादली घेऊन, कुणी नुसतंच. "काही नाही, काही नाही," शिरीषराव त्यांना हातानं थोपवत होते. आत ती बाई हाका मारतच होती.

गर्दीच्या मागून संगीता पुढे आली. मुलगा तिला धरायला बघत होता, तिनं त्याचा हात सोडवला. ती हेमांगीच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि मान वर करून ऐकू लागली. आवाजानं तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हलत होतं.

"असा वाजते हा?" ती म्हणाली.

हेमांगीनं मान डोलावली.

"एवढ्यानं तं उठला असता," ती म्हणाली. "कसाही निजला असता, तरी उठला असता."

ओवीनं मान खाली घातली आणि अलार्म बंद करायला फोन वर केला. संगीतानं तिचं मनगट धरलं.

"नको, बाई. वाजू दे."

हेमांगी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. संगीतानं तिच्याकडे पाहिलं नाही, पण बाजूलाही सरली नाही. पठारावर अंधार होत गेला. बादल्या घेऊन आलेली माणसं एकेक करून गप्प झाली. रिकाम्या गाडीत तो आवाज हाका मारत राहिला, उठा, बाहेर पडा, उठा, आणि संगीता आपल्या निळ्या गाडीच्या बंद दाराकडे बघत उभी राहिली.